गाठ कोणती आणि कुठे?

मेंदूत गाठ म्हटले की घरच्यांना आधी कॅन्सरच आठवतो. पण मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिंजिओमा बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, सावकाश वाढते आणि स्त्रियांत जास्त आढळते. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर मात्र क्रूर: शस्त्रक्रिया, रेडिएशन, औषधे सगळे करूनही निम्म्याहून कमी रुग्ण दीड वर्ष पार करतात.

लक्षणे बरीचशी गाठीच्या जागेवर ठरतात. कपाळामागच्या भागात गाठ असली तर शांत माणूस चिडका किंवा बेफिकीर होतो आणि घरचे त्याला स्वभावाचा दोष देतात. मला हे फार दुःखद वाटते, कारण त्यात महिनेच्या महिने जातात. पिट्यूटरी ग्रंथीची गाठ दृष्टीच्या नसांवर दाबली की दोन्ही कडांचे दिसेनासे होते. याच ग्रंथीच्या गाठीमुळे कुणाचे हातपाय वाढून अंगठ्या, चपला घट्ट होतात. लहान मुलांत लहान मेंदूतली गाठ चालताना तोल घालवते.

डोकेदुखी बहुधा साधीच असते. पण ती पहाटे वाढत असेल, सोबत उलट्या होत असतील किंवा मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका. लगेच न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.