तेरा मिलिमीटर पाऊस पडला कधी?

यवतमाळ जिल्ह्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू. सरकी उगवली आणि पावसाने ओढ दिली, तर रोपे सुकतात व दुबार पेरणीची पाळी येते. उलट एकाच दिवशी तो धो धो कोसळला, तर काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतात. म्हणून शेतकऱ्याला महिन्याची नुसती सरासरी सांगून भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठ वाजता वाचतात. समजा, जुलैच्या ३१ दिवसांची नोंद क्रमाने अशी आहे (मिलिमीटर):

०, ०, ४, १२, ०, १८, ३३, ७, ०, ०, ०, १, ९, २२, ७१, ११८, २६, ५, ०, ०, ३, १४, ०, ०, ०, २, ११, ४०, ६, ०, ०.

बेरीज ४०२, सरासरी सुमारे १३. पण १३ मिलिमीटर पावसाचा एकही दिवस यादीत नाही! तेव्हा वर्ग पाडू आणि प्रत्येक वर्गात किती दिवस पडतात ते ताळ्याच्या खुणांनी मोजू. ही संख्या म्हणजे त्या वर्गाची वारंवारता.

वर्गांतर २० घेतले, तर ०–२० मध्ये २५ दिवस, २०–४० मध्ये ३, ४०–६० मध्ये १, ६०–८० मध्ये १, ८०–१०० मध्ये शून्य आणि १००–१२० मध्ये १. (असमावेशक पद्धतीत ४० हा आकडा ४०–६० या वर्गात जातो.) हिशेब बिनचूक, पण सारणी जवळजवळ निरुपयोगी. ठणठणीत कोरडा दिवस आणि १८ मिलिमीटरचा भिजपाऊस आपण एकाच पोत्यात कोंबले!

हवामान खात्याचे वर्ग पाहा. ते सारख्या रुंदीचे नाहीत:

कोरडा (०) : १३ दिवस
अगदी हलका (०.१–२.४) : २
हलका (२.५–१५.५) : ९
मध्यम (१५.६–६४.४) : ५
मुसळधार (६४.५–११५.५) : १
अति मुसळधार (११५.६–२०४.४) : १

एकूण ३१. मोजणी दशांश मिलिमीटरपर्यंत असल्याने १५.५ आणि १५.६ यांच्यामध्ये कोणताच आकडा निसटत नाही. आता महिना डोळ्यांपुढे उभा राहतो. तेरा दिवस कोरडे गेले, आणि शेवटच्या दोन वर्गांतल्या दोनच दिवसांनी १८९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मा पाऊस पाडला.

वर्गमर्यादा कोठे आखायची, हा केवळ वहीतला प्रश्न नाही. महाराष्ट्रात पिकांच्या नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, ही अतिवृष्टीची कसोटी धरली जात आली आहे. एका मंडळात ६४ आणि शेजारच्या मंडळात ६६ मिलिमीटर पडला, तर पिकाला फरक कळणार नाही, पण कागदाला कळतो. शेवटच्या वर्गांतले दिवस थोडे, पण भारी असतात. २२ जुलै २०२३ रोजी अशाच एका दिवशी महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराचा वेढा पडला आणि हवाई दलाची मदत मागवावी लागली.

या सारणीची एक उणीवही लक्षात ठेवा. वर्ग पाडताना दिवसांचा क्रम हरवतो. ते १३ कोरडे दिवस सलग होते की विखुरलेले, हे तिला सांगता येत नाही, आणि दुबार पेरणी तर त्यावरच ठरते! त्यासाठी मूळ यादीकडे परतावे आणि पावसाच्या प्रत्येक खंडाची लांबी मोजून दुसरी सारणी करावी. एका दिवसाचा खंड एकदा, दोन दिवसांचा तीनदा आणि तीन दिवसांचा दोनदा, असे उत्तर आले पाहिजे.