परतीच्या वाटेचा विचार

महाशिवरात्रीस आमच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ येथें भाविकांची अलोट दाटी होते. एवढ्या समुदायास आणावें कसें आणि सुखरूप परत न्यावें कसें, हा प्रश्न व्यवस्थापकांइतकाच गृहस्थांचाहि आहे. ह्या कामीं मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणाचें उदाहरण बोधप्रद आहे.

१९७५ सालीं जेथें पहिला कसोटी सामना झाला, त्या ह्या क्रीडांगणांत सुमारें ३३,००० प्रेक्षक बसतात. दर मोटारींत चार माणसें धरलीं, तरी आठ हजारांवर मोटारी होतात. येण्याजाण्याच्या वाटेसह प्रत्येकीस पंचवीस चौरस मीटर जागा धरली, तर एकंदर पन्नास एकर! भर वस्तींत एवढी भूमि आणावी कोठून? परंतु चर्चगेट स्थानक पायीं जाण्याइतकें जवळ आहे, आणि लोकल गाडी एका खेपेस हजारों माणसें नेते. क्रीडांगणाचें खरें वाहनतळ तें हेंच.

येणारे लोक थोडेथोडे येतात. परतणारे मात्र एकदमच उठतात. म्हणून परतीची योजना आधीं हवी. औंढ्यास आगगाडी जात नाहीं, तेथें एस.टी.चाच आधार. पन्नास उतारूंची एक बस बारा मोटारींचें काम करते. यास्तव खासगी वाहनें गांवाबाहेर थांबवून पुढें बस चालवावी, हें उत्तम. वृद्धांस व मुलांस नेणारांनीं परतीची गाडी आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा घरींच ठरवावी. यात्रा असो वा सामना, सर्व मंडळी घरीं पोंचलीं म्हणजेच सोहळा पुरा झाला, असें आम्ही मानतों.