झिलाक कराट्याक घालूया की कुस्तीक? क्लासची फी भरण्यापूर्वी हे वाचा

मालवण : शाळा सुरू झाल्या की कराटे, तायक्वांदोचे क्लासही सुरू होतात आणि पालकांचा एकच प्रश्न असतो, "झिलाक खयच्या क्लासाक घालूया?" कुठला प्रकार भारी, हे विचारण्याआधी तिथे सराव कसा घेतात ते बघायला हवं. ते का, हे समजून घेऊया.

कोणत्या प्रकारात काय शिकवतात?

कराटे : मूळ जपानच्या ओकिनावा बेटावरचं. ठोसे आणि लाथा. ठरलेल्या हालचालींचा सराव म्हणजे 'काता' आणि समोरासमोरची लढत म्हणजे 'कुमिते'.

तायक्वांदो : कोरियातला प्रकार. भर लाथांवर. स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते, पण ठोसा चालत नाही.

ज्युदो : जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये सुरू केला. धरून आपटणं आणि दाबून ठेवणं. इजा न होता पडायचं कसं, हे इथे सगळ्यात आधी शिकवतात.

बॉक्सिंग : फक्त हात. पण चुकवणं आणि पायांची चाल पक्की होते.

कुस्ती : पकड, तोल आणि ताकद. मातीत समोरच्याला चितपट करायचं, मॅटवर गुणही मोजतात.

मर्दानी खेळ : आपला शिवकालीन वारसा. लाठी, दांडपट्टा, भाला. मनगट आणि पाय तयार होतात, पण आज तो बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणूनच दिसतो.

मग भारी कोण?

१९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर शहरात याचीच परीक्षा झाली. बॉक्सर, कराटेवाले, सुमो पैलवान असे वेगवेगळ्या प्रकारचे लढवय्ये जवळपास नियमांशिवाय एकमेकांसमोर उभे केले. जिंकला ब्राझीलचा रॉयस ग्रेसी. अंगाने सडपातळ, पण समोरच्याला जमिनीवर ओढून गळा आवळण्यात पटाईत. त्याचा जुजुत्सू हा प्रकार ज्युदोतूनच निघालेला. सगळे म्हणाले, हाच प्रकार भारी. पण काही वर्षांत बाकीच्यांनी त्याचे डाव ओळखून तोड शिकून घेतली. आज अशा लढतीत उतरणाऱ्याला ठोसे, पकड आणि जमिनीवरची झटापट, तिन्ही यावं लागतं.

यातून एक गोष्ट कळते. ज्या क्लासात समोरचा खरोखर विरोध करतो, तिथे लढवय्या घडतो. हवेत मारलेल्या ठोशाने हालचाल सुधारते. पण समोरचा अंगावर आल्यावर गडबडून न जाणं फक्त लढतीतूनच येतं.

खाशाबांचं उदाहरण

घाट चढून गेलं की कोल्हापूर, कराडकडे कुस्तीची माती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याच मातीत वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर, परक्या नियमांनी खेळावं लागलं. ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माणूस तोच, खेळही तोच. मधल्या चार वर्षांत झाला तो सराव.

चांगला लढवय्या कसा ओळखायचा?

दम टिकतो, तोल जात नाही, पडलं तरी लगेच उठतो आणि राग आवरतो. रापण ओढणाऱ्यांच्या हातात पकड आणि पायात जोर असतोच. वाळूत धावायला किनाराही आहे. ताकद आपल्या पोरांकडे आहे, तिला शिस्तीचा सराव हवा.

फी भरण्यापूर्वी एवढं बघा

– एक दिवस पूर्ण क्लास बसून बघा. मुलं जोडीने सराव करतात की फक्त रांगेत हात-पाय हलवतात?
– आपटण्याचा सराव जाड मॅटवर की उघड्या फरशीवर? फरशीवर असेल तर नकोच.
– लहान मुलाला मोठ्याशी भिडवतात का?
– बेल्टच्या परीक्षेचे पैसे किती आणि वर्षातून किती वेळा, हे आधीच विचारा. बेल्टचा रंग म्हणजे त्या क्लासचा किती अभ्यासक्रम झाला, एवढंच.
– सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट त्याला चालत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात खात्री करा.

चेडवांच्या पालकांसाठी एक गोष्ट. चार दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिराने धीर येतो, ओरडणं, हात सोडवणं आणि पळणं जमतं. ते शिकवाच. पण तेवढ्यावर कुणाशी भिडायला जाऊ नये. निसटायचं, माणसांत यायचं आणि ११२ नंबर लावायचा. नियमित सराव हवा असेल तर वर्षभराचा क्लास लावा.

आणि गावात एकच क्लास असेल तर? सर चांगले असतील, तर तोच प्रकार तुमच्या मुलासाठी भारी.