ताठ टोपीवरील उष्णदाब मुद्रण : सुरकुतीची भूमिती आणि तिचे निवारण

बीजसंज्ञा : ताठ टोपी, बक्रम, उष्णदाब यंत्र, दुहेरी वक्रता, सुरकुती

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर, क्रीडास्पर्धा किंवा वृक्षदिंडी असा उपक्रम ठरला, की बोधचिन्ह छापलेल्या टोप्यांची मागणी निघते. हे काम तालुक्याच्या गावातील छोटे व्यावसायिकही आता करू लागले आहेत. त्यांत आपलेच माजी विद्यार्थी असतात, आणि त्यांच्या यंत्रावर बहुधा कर्जाचा हप्ता चालू असतो.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयात शिबिरासाठी अशा शंभर टोप्या छापून आल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक टोप्यांवर बोधचिन्हाच्या मधोमध उभी सुरकुती पडलेली होती. राष्ट्रीय सेवा योजनेचे बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्रावर आधारलेले आहे. त्या चक्राच्या आऱ्या सुरकुतीपाशी मोडल्यासारख्या दिसत होत्या. छापणाऱ्या तरुणाचा हात अद्याप बसलेला नाही, असा निष्कर्ष समितीने काढला व निम्मी रक्कम रोखून धरली. तो निष्कर्ष कितपत खरा होता, याचा शोध घेताना जे हाती आले ते येथे मांडले आहे.

फेटा, गांधी टोपी आणि ताठ टोपी

आपल्याकडील पारंपरिक शिरोवस्त्रे पाहिली तर हा प्रश्न मुळात नवा आहे, हे ध्यानात येते. फेटा आणि पटका म्हणजे सपाट कापडाचे वेढे. गांधी टोपी शिवलेली असली तरी घडी घालून ती पूर्णपणे सपाट होते. २०११ च्या जनलोकपाल आंदोलनात घोषणा छापलेल्या गांधी टोप्या देशभर दिसल्या. त्या छापण्यात कोणतीही भौमितिक अडचण नव्हती, कारण टोपीची बाजू टेबलावर कागदासारखी पसरता येते.

ताठ टोपीची गोष्ट वेगळी आहे. ती साधारणतः सहा कळ्या जोडून घुमटाकार शिवलेली असते. पुढच्या दोन कळ्यांना आतून बक्रमचे अस्तर असते, म्हणजे खळ अथवा रेझिन देऊन कडक केलेले जाळीदार कापड. त्यामुळे डोक्यावर नसतानाही टोपीचा पुढचा भाग उभा राहतो. खालच्या कडेला आतून घामपट्टी व बाहेरून कडक व्हायझर शिवलेला असल्याने ती कड ताणली जात नाही. माथ्यावर बटण, कळ्यांवर हवेची छिद्रे, आणि नेमकी कपाळाच्या मध्यावर दोन कळ्यांची जाड शिवण. छापणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर टोपीला टोपीपण देणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या आड येणारी आहे.

सुरकुती येते कोठून?

उकडीच्या मोदकाची पारी घरोघरी पाहिलेली असते. सपाट पारीला पेल्याचा आकार द्यायचा तर कडेला चुण्या पाडाव्याच लागतात. जास्तीचे पीठ कोठेतरी जिरवावे लागते. याच्या उलट, संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करू गेल्यास ती कडेला फाटते, कारण तेथे लांबी अपुरी पडते. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ साली सिद्ध केलेल्या प्रमेयाचा आशय हाच आहे. दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग ताणल्याशिवाय, दुमडल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट करता येत नाही. नळकांडे मात्र एकाच दिशेने वाकलेले असल्यामुळे त्यावर कागद बिनसुरकुतीचा गुंडाळता येतो.

टोपीच्या यंत्राचा साचा बहुतांशी नळकांड्याच्या जातीचा असतो, तर टोपी घुमटाच्या जातीची. दाब दिला की घुमटाला नळकांड्याचा आकार घ्यावा लागतो. संत्र्याची साल कडेला फाटून मोकळी होते. टोपीची कड व्हायझर आणि घामपट्टीने बांधलेली असल्यामुळे ती फाटतही नाही व ताणलीही जात नाही. परिणामी मधले कापड दुमडते. हीच ती सुरकुती. वर ठेवलेल्या सपाट छाप-फिल्मचीही हीच गत होते, फक्त दिशा उलटी असते. मोदकाच्या पारीप्रमाणे तिची कड जास्तीची ठरते व तेथे चुण्या पडतात.

या तफावतीचे मोजमाप करता येते. डोक्याचा घेर ५८ सेंटीमीटर धरला तर त्रिज्या सुमारे ९.२ सेंटीमीटर येते. सोयीसाठी टोपीचा पुढचा भाग या त्रिज्येचा गोल मानू. सपाट कागदावर ५ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ १५.७ सेंटीमीटर भरतो. केंद्रापासून तेवढेच अंतर राखून गोलावर वर्तुळ काढले, तर परीघ जवळजवळ २ मिलिमीटरने कमी येतो. कापड आणि फिल्म एवढी तफावत सहज सोसतात. व्यास १० सेंटीमीटर केल्यास तफावत १५ मिलिमीटरच्या घरात जाते. म्हणजे व्यास दुप्पट, तर जास्तीची लांबी जवळपास आठपट.

आमच्या मागणीपत्रात बोधचिन्हाचा व्यास ९ सेंटीमीटर असावा, ते दुरून ठळक दिसावे, असे आम्हीच लिहिले होते. त्या व्यासाला तफावत ११ मिलिमीटर येते. एवढे कापड कोणत्याही हाताने कोठे लपवावे?

प्रत्यक्षात टोपी अचूक गोल नसते. व्हायझरलगतचा भाग नळकांड्याच्या अधिक जवळचा असतो, आणि दुहेरी वक्रता वर सरकावे तशी वाढत जाते. यास्तव अनुभवी कारागीर चित्राची उंची साडेपाच-सहा सेंटीमीटरपलीकडे जाऊ देत नाहीत. रुंदी मात्र थोडी सैल सोडली तरी चालते. आडवी अक्षरे टोपीवर चांगली बसतात आणि गोल चिन्हे त्रास देतात, त्याचे कारण हेच.

उष्णतेचे कार्य

सुरकुती पडते दाबाने. ती कायम होते उष्णतेने, आणि अधिक नेमके सांगायचे तर उष्णतेनंतरच्या थंड होण्याने. बक्रममधील रेझिन तापल्यावर मऊ होते आणि निवताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा कडक होते. पॉलिएस्टरच्या तंतूंची अंतर्गत रचना ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सैल होऊ लागते. वितळण्याचे तापमान २५० अंशांच्या वर असले तरी घडी बसण्यास तेवढी उष्णता लागत नाही. सुती कापडात हेच काम ओलावा व उष्णता मिळून करतात. परटाची इस्त्री याच तत्त्वावर चालते. म्हणून साच्यावरून गरम टोपी घाईने ओढून काढणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. त्या काही क्षणांत टोपी ज्या बाजूने वाकेल, तो वाक तिच्यात राहतो.

तापमान आणि वेळ यांविषयी थोडक्यात. सुती टोपीवर पॉलियुरेथेनच्या छाप-फिल्मसाठी साधारणतः १५० ते १६० अंश आणि १० ते १५ सेकंद पुरतात. पॉलिएस्टरवर १३० ते १४० अंशांतच थांबावे, नाहीतर टोपीचा रंग उडून छापात उतरतो. सब्लिमेशन पद्धतीत मात्र १९० ते २०५ अंश व पाऊण ते एक मिनिट लागते. बक्रमच्या टोपीवर तेवढ्या उष्णतेत आकार टिकवणे अवघड, म्हणून त्या पद्धतीला मऊ टोपीच बरी. फिल्म पुरवणाऱ्याने दिलेले आकडे यांहून वेगळे असतील तर तेच प्रमाण मानावेत.

प्रत्यक्ष कृती

प्रथम यंत्राविषयी. टी-शर्टच्या सपाट यंत्रावर ताठ टोपी दाबणे म्हणजे सुरकुतीला आमंत्रण देणे होय. वक्र साचा व त्याला जुळणारी वक्र तप्त पट्टी असलेले यंत्र लागते. एकाच यंत्राला निरनिराळी जोडसाधने लावण्याचे संच मिळतात, त्यांतील टोपीचे जोडसाधनही चालते; मात्र साच्याचा वाक टोपीच्या वाकाशी जुळतो की नाही, हे विकत घेण्याआधी टोपी नेऊन पाहावे.

टोपी साच्यावर चढवण्यापूर्वी घामपट्टी बाहेर उलटून घ्यावी. ती आत राहिली तर तिची जाड कड छापाखाली येते आणि दाब असमान पडतो. मग टोपीची मागची बाजू खाली ओढून पट्ट्याने आवळावी, म्हणजे पुढच्या कळ्या साच्याला चिकटून बसतात. बोटाने चाचपून पाहावे. कापड आत पोकळ लागले तर तेथेच पुढे सुरकुती येणार, हे नक्की समजावे.

यानंतर फिल्म न ठेवता तीन ते पाच सेकंद नुसता दाब द्यावा. सुती कापड प्रमाणित हवेत वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात याची फारशी जाणीव होत नाही. श्रावणात मात्र तीच टोपी वाफ सोडते व फिल्मखाली फुगे येतात. या पहिल्या दाबाने बक्रमही किंचित मऊ होऊन साच्याचा आकार घेते.

फिल्मच्या वाहक कागदाला चारही कडांनी, चित्राला धक्का न लावता, लहान काप द्यावेत. मोदकाच्या चुणीऐवजी ही केलेली फट; जास्तीची लांबी तीत एकमेकांवर सरकते. उष्णतारोधक चिकटपट्टीने फिल्म धरून प्रथम मध्यभागी, मग डावीकडे, मग उजवीकडे असे थोडे थोडे दाबावे. वर सिलिकॉनचा पातळ पत्रा ठेवल्यास मधल्या शिवणीचा उंचवटा सांभाळला जातो. शिवण फारच जाड असेल तर पुढे एकसंध कळी असलेली पाच कळ्यांची टोपी मागवणे हा सरळ उपाय आहे.

छाप नीट उमटला नाही की दाब वाढवावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ताठ टोपीला लागू पडत नाही. अतिदाबाने जास्तीचे कापड नाहीसे होत नाही, ते अधिक तीक्ष्णपणे दुमडते. छाप सुटत असेल तर आधी उष्णता तपासावी. वीजदाब कमी असताना पट्टीचे तापमान दर्शक आकड्याहून खाली असू शकते. दुरून तापमान मोजणारे उपकरण जवळ असल्यास ते चटकन कळते.

दाबून झाल्यावर टोपी साच्यावरच निवू द्यावी. यात प्रत्येक टोपीमागे मिनिटभर जाते आणि शंभर टोप्यांना दीड तासाहून अधिक. व्यावसायिकाला हा वेळ अखरतो. पण समजा, एका टोपीची खरेदी ६० रुपये आणि छपाईतील सुटका १२ रुपये असेल, तर बिघडलेली एक टोपी पाच टोप्यांचा नफा घेऊन जाते.

फिल्म लावण्यापूर्वी पडलेली सुरकुती आतून वाफ देऊन, साच्यावर हाताने सारखी करून पुष्कळदा निघते. फिल्मसह दुमडलेली मात्र निघत नाही.

पुढील वर्षीच्या मागणीपत्रात आम्ही बोधचिन्हाचा व्यास साडेपाच सेंटीमीटर लिहिला, पाच कळ्यांची टोपी मागितली, आणि आधी एक नमुना पाहून मगच उर्वरित छपाईस संमती देण्याचे कलम घातले. साडेपाच सेंटीमीटरला तफावत अडीच मिलिमीटर येते. काम त्याच तरुणाकडे दिले होते. टोप्या नीट आल्या, आणि आदल्या वर्षीची रोखलेली रक्कम समितीने त्याच देयकासोबत अदा केली.