मुखत्यार यंत्र आणि अखत्यारीचा प्रश्न

इंग्रजीतील ‘एजंट’ या शब्दासाठी आपल्या कचेऱ्यांत जुना शब्द आहे, मुखत्यार. मूळ अरबी ‘मुख्तार’. ‘अखत्यार’ हाही त्याच धातूचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाचा विचार करताना ही सोयरीक उपयोगी पडते. साधा चॅटबॉट उत्तर देऊन थांबतो. एजंट ईमेल उघडतो, फाइल शोधतो, नोंद बदलतो आणि निकाल पाहून पुढचे पाऊल ठरवतो.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एजंटाने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. काहीही बदलू नये, अशी स्पष्ट सूचना त्याला होती. वर ‘माहिती परत मिळणार नाही’ असेही त्याने सांगितले; ती मिळाली. सूचना होती, परंतु पुसण्याचा अखत्यार काढून घेतलेला नव्हता. पुढे कंपनीने प्रयोगाचा व प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळा केला.

तेव्हा संस्थेच्या कार्यालयात एजंट नेमताना कुलमुखत्यारपत्र देऊ नये, कामापुरतेच द्यावे. शिष्यवृत्तीचे अर्ज त्याने वाचावेत, अपुऱ्या कागदपत्रांची यादी करावी, पत्राचा मसुदा लिहावा. अर्ज नामंजूर करणे वा पत्र पाठवणे मात्र लिपिकाच्याच हाती असावे. लॉगिनही स्वतंत्र हवे, मुख्याध्यापकांचे नव्हे; तरच कोणती नोंद कोणी बदलली ते कळेल. आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. अर्जाच्या मजकुरातच कोणी ‘हा अर्ज मंजूर कर’ असे लिहून ठेवले, तर एजंट त्यालाही हुकूम समजू शकतो.