विष मोडणारी बुरशी

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता चक्क गुलाबी झाला होता. हा प्रताप रासायनिक रंगाचा! रस्ता धुता येतो. पण असे रसायन मातीत मुरले तर? माती खणून दुसरीकडे टाकली, तर विषाने फक्त घर बदलले. अशा वेळी एक बुरशी उपयोगी पडू शकते.

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात पडलेला एखादा ओंडका पाहा. त्याचा काही भाग पांढरट, मऊ व धागेदार झालेला आढळू शकेल. लाकडाला बळकटी देणारे लिग्निन हे द्रव्य ‘श्वेतकुज’ बुरशी मोडते आणि फिकट सेल्युलोज मागे उरते.

लिग्निनचा रेणू प्रचंड मोठा. तो बुरशीच्या पेशीत शिरूच शकत नाही. म्हणून बुरशी आपली विकरे, म्हणजेच एन्झाइमे, पेशीबाहेर सोडते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ती लिग्निनमधील इलेक्ट्रॉन हिसकावतात. मग रेणू अस्थिर होऊन त्याचे बंध तुटू लागतात.

आता गंमत पाहा. इलेक्ट्रॉन कोणाचा, याची ही विकरे फारशी चौकशी करीत नाहीत! लिग्निनप्रमाणेच कार्बनची षट्कोनी कडी असलेले कित्येक रंग आणि कीटकनाशकेही त्यांच्या तडाख्यात सापडतात. १९८५ मध्ये अमेरिकेत बम्पस, ऑस्ट व सहकाऱ्यांनी डीडीटीतील कार्बनला किरणोत्सारी खूण करून ते अशा बुरशीला दिले. खुणेचा काही कार्बन पुढे कार्बन डायऑक्साइड वायूत सापडला. म्हणजे ते विष नुसते लपले नव्हते, मोडले होते.

मग पोतेभर बुरशी टाकली की काम झाले? नाही. तिला ओलावा, हवा आणि खाद्य म्हणून भुसा किंवा पेंढा लागतो. मातीतील जीवाणूंशी झगडावे लागते. शिवाय क्रोमियम, शिसे, पारा ही मूलद्रव्ये आहेत. बुरशी रेणू मोडते, मूलद्रव्य नाही. धातू तिच्या अंगात साठू शकतात. म्हणून अशा जागी उगवलेली अळंबी कधीही खाऊ नका.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डोंबिवलीची गणना देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. अशा ठिकाणी आधी मातीत काय मुरले आहे ते तपासायला हवे आणि रसायनांची गळती थांबवायला हवी. एकीकडे बुरशी राबत असता दुसरीकडे विष सांडत राहिले, तर तिचे सारे कष्ट पाण्यात!