एकसष्टचा हट्ट

१,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातल्या (इ.स. ११५०) एका उदाहरणाचे हे उत्तर. उदाहरण दिसायला साधे आहे : कोणत्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल?

६१ऐवजी ६० घेतले तर काम चुटकीसरशी होते. ४चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१चा वर्ग. ६२ला ८ आणि ६३ पुरतात. मधल्या ६१ला मात्र लहानात लहान जोडी लागते ती २२,६१,५३,९८० आणि वरची अब्जावधी संख्या. १, २, ३ असे सेकंदाला एक पडताळत गेलो, तर न झोपता सात वर्षे जातील. मी कधीकाळी वहीची बरीच पाने अशी भरली आहेत; गुरू नसला की असे होते.

भास्कराचार्य ‘चक्रवाल’ पद्धतीने जातात. ८चा वर्ग ६१हून ३ने जास्त, हा ‘क्षेप’. आता ८मध्ये अशी संख्या मिळवायची, की बेरजेला ३ने भाग जावा आणि त्या संख्येचा वर्ग ६१च्या जवळ असावा. ती ७. मग (८+७)÷३ म्हणजे ५, आणि (८×७+६१)÷३ म्हणजे ३९. पडताळा : ६१×२५ = १५२५, ३९चा वर्ग १५२१; क्षेप उणे ४. इथून पुढचा रस्ता ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्येच बांधून ठेवला होता. त्याच्या ‘भावने’ने, म्हणजे जुन्या जोड्यांतून नवी जोडी घडवण्याच्या युक्तीने, ३८०५ आणि २९७१८ मिळतात. पहिल्याच्या वर्गाची ६१पट ८८,३१,५९,५२५. दुसऱ्याचा वर्ग ८८,३१,५९,५२४. एकाचाच फरक, पण उलट बाजूचा. या दोहोंची बेरीज केली की आपला आकडा हजर! म्हणूनच त्यातून १ वजा केल्यास २९७१८च्या वर्गाची दुप्पट उरते, आणि १ मिळवल्यास ३८०५च्या वर्गाची १२२पट होते.

१६५७मध्ये फ्रान्समध्ये फर्माने आपल्या समकालीनांना हेच ६१ घातले. त्याने ते आपल्याकडून उचलले, असे छातीठोकपणे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ‘बीजगणिता’चे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७चे. शिवाय शंभराच्या आत इतके मोठे उत्तर दुसऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाही. ज्याच्या हाती रीत आहे, तो तिची परीक्षा ६१वरच घेणार. खरी तक्रार नावाची आहे. ऑयलरच्या गैरसमजामुळे या समीकरणाला जॉन पेलचे नाव चिकटले. पण मग आपणही जयदेवाला विसरू नये. चक्रवाल त्याला भास्कराचार्यांच्या आधी ठाऊक होते. उदयदिवाकराच्या १०७३च्या टीकेत ते नोंदलेले आहे. आणि उत्तर नेहमी असतेच, याची सिद्धता मात्र अठराव्या शतकात लाग्रांजने दिली.

मोठ्या संख्येला धाकटीने भागले की ६१चे वर्गमूळ दशांशचिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत बिनचूक येते. माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर तेवढे आकडे मावतही नाहीत.